औदुंबराची साल मी सोलली

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, अगदी माझ्या मुलीलासुद्धा. नवलाख उंबरे गावातल्या आमच्या अंगणातल्या औदुंबराची साल शेळीनं खाल्ली नव्हती. ती माझ्या हातून सोलली गेली.

न्हाणीच्या भिंतीत उगवलेलं ते रोप माझ्या पत्नीनं अलगद सोडवून अंगणात लावलं होतं. दर गुरुवारी त्याला पाणी घालताना ती दत्ताचं नाव घेई, आणि बुंध्यालगतचं गवत खुरप्यानंच काढी. "तिथं मशीन नको हं," असं मला बजावे. ती गेली, त्यानंतरच्या श्रावणात गवत माजलं. मला दुसऱ्या पाळीला कंपनीत जायचं होतं. घाईत गवत कापायचं मशीन मी बुंध्याशी नेलं आणि त्याच्या फिरत्या दोरीनं साल गोल सोलून काढली. दुसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं विचारू लागली, तेव्हा माझ्या तोंडून शेजारच्या मावशींच्या शेळीचं नाव गेलं. मावशी भांडल्या नाहीत. आठवड्याभरात त्यांनी शेळी विकून टाकली.

इकडे पानं माना टाकू लागली. मी रोज सकाळी झाडापाशी जाऊन बसे. झाड तर वाचायला हवंच होतं. पण खरं सांगायचं तर मला पत्नीचा आवाज हवा होता, रागावलेला असता तरी चाललं असतं. दत्तापुढं हात जोडायचीही लाज वाटे. एका गुरुवारी मात्र जोडले. काही मागितलं नाही. "आता तूच बघ," एवढंच म्हणालो.

तेवढ्यात फाटक वाजलं. घमेल्यात शेणमाती कालवून मावशी आल्या होत्या. खाली बसून त्यांनी जखमेवरून बोट फिरवलं.

"रडताय कशाला, भाऊ? मागल्या अंगाला बोटभर साल हाय की अजून. जगंल." मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "आमची शेळी लय हुशार म्हणायची. अशी गोल आखून खाती व्हय?"

मी मान खाली घातली. त्यांनी लेप दिला, वर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आणि म्हणाल्या, "च्या ठेवा आता. साखर बक्कळ घाला."

औदुंबर आता माझ्या डोक्यावर गेला आहे. मी ज्यांना दुखावलं, त्यांनाच दत्तानं माझ्या दारी पाठवलं, असं मी मानतो, आणि रोज त्याचे आभार मानतो. त्याच्यावर सगळं सोपवणं मला त्या दिवशी जमलं. तोंड उघडणं अजून जमलेलं नाही. ज्या गल्लीत चारचौघांत मी मावशींच्या शेळीचं नाव घेतलं, त्याच गल्लीत, चारचौघांत, खरं सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.