कापायला ठेवलेला परिच्छेद

आमच्या समोरच्या वहिनींना मी लेखिका होताना पाहिलं. पोहायला शिकणाऱ्या माणसाला पाहावं तशी ती गंमत होती. हातपाय फार, पुढे जाणं थोडं, आणि काठावर उभं राहून सल्ले द्यायला मी. स्वतः पाण्यात उतरायची माझी कधीच तयारी नव्हती.

वहिनी कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत काउंटरला बसायच्या. वीस वर्षं लोकांच्या कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचल्या. कुणाच्या शर्टाची कॉलर उलटून शिवली आहे, कुणाची पँट दर वर्षी दोन बोटं सैल होते, सगळं त्यांना ठाऊक. पण तोंडातून शब्द नाही. माझ्यासारख्या माणसाला असा शेजार म्हणजे भरलेलं कपाट आणि त्याला कुलूप. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्यांनी रविवारच्या पुरवणीत लिहायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. म्हटलं, आता उघडेल.

कसलं काय. पहिला लेख ‘जीवनात स्वच्छतेचे महत्त्व’. वाचून साबणाचा वास आला, माणसाचा नाही. पुरवणीच्या संपादकांना आम्ही कात्रीसाहेब म्हणायचो. त्यांनी तो परत केला आणि विचारलं, तुम्ही रोज बघता काय? वहिनी म्हणाल्या, लोक धुवायला टाकतात आणि न्यायला येतच नाहीत, ते कोट. मग त्यांचंच लिहा, असं उत्तर मिळालं.

तसे कोट लॉन्ड्रीत सात होते. वहिनींनी सातही लिहिले. एकाच्या खिशात मुलाखतीचं पत्र होतं, तारीख उलटून गेलेली. छापून आलेला लेख मी दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा आमच्या हिला मोठ्याने वाचून दाखवला. फक्त वहिनींनी लिहिलेला वरचा पहिला परिच्छेद अख्खा गायब होता. पुढच्या लेखाचंही तेच, त्याच्या पुढच्याचंही. कात्रीसाहेबांचं म्हणणं, तुमचा लेख दुसऱ्या परिच्छेदात सुरू होतो, पहिल्यात तुम्ही नुसता घसा साफ करता.

वहिनी तीनदा भांडून आल्या. मग मी माझं डोकं चालवलं. म्हटलं, वहिनी, कापणारच आहेत ना? मग तिथे वाट्टेल ते लिहा. पोटातलं सगळं ओकून टाका आणि खाली लेख सुरू करा.

सल्ला लागू पडला, हेच वाईट झालं. वरच्या परिच्छेदात वहिनी लॉन्ड्रीमालकाच्या केसांच्या टोपाबद्दल लिहायच्या, माझ्या नाकाबद्दल लिहायच्या, ते कुणाकुणाच्या दारात खुपसलेलं असतं तेसुद्धा. कात्रीसाहेब खो खो हसायचे आणि तांबडी पेन्सिल फिरवायचे. मन मोकळं झालेलं, त्यामुळे खालचा लेख सरळ चालायचा. असे नऊ लेख निघाले.

वहिनींचे यजमान, आमचे दादा, घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावलं की जग बंद. बायकोचं नाव छापून येतं, याबद्दल ते बरं बोलले नाहीत की वाईट बोलले नाहीत. रविवारी पेपर आला की चपला घालून बाहेर. वहिनींना हे फार लागायचं. ‘एकदा वाईट आहे म्हणा, पण काहीतरी म्हणा,’ असं त्या आमच्या हिच्याजवळ म्हणाल्या होत्या.

आणि एका रविवारी मला दादा दिसले वाचनालयात, दाराआड उभं राहून पुरवणी वाचताना. असली बातमी माझ्या पोटात किती टिकणार? जिना चढेपर्यंतही टिकली नाही.

वहिनी ऐकून भाजी चिरत राहिल्या. पण पुढच्या लेखाच्या वर त्यांनी लिहून टाकलं, ‘घरात पेपर पडलेला असतो आणि माझा नवरा चोरासारखा दाराआड उभा राहून मला वाचतो. बायकोला बरं लिहिता येतं, हे कबूल करायची त्याला लाज वाटते.’ बघणार कात्रीसाहेब आणि कापणारही कात्रीसाहेब, काळजी कसली.

त्याच आठवड्यात कात्रीसाहेब मोतीबिंदू काढून, डोळ्यावर पट्टी बांधून घरी बसले होते. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी लेख होता तसा छापला. वरपासून खालपर्यंत.

रविवारी नऊच्या आत गल्लीभर झालं, आणि देवाशपथ, या खेपेला मी कुणाला सांगितलं नव्हतं. सोमवारी दादांच्या दुकानात गिऱ्हाइकं हसून विचारायला लागली, घड्याळही दाराआडच उघडता का. दादांनी घरात एवढंच विचारलं, कुणी सांगितलं तुला? वहिनी म्हणाल्या, लिहिणाऱ्याने ते सांगायचं नसतं. त्यानंतर त्या घरातून फक्त भांड्यांचा आवाज यायचा. गुरुवारी वहिनींनी वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. उद्या लेख द्यायचा होता. तो देणार नाही आणि पुढेही कधी लिहिणार नाही, असं त्यांनी आमच्या हिला सांगितलं.

वहिनींनी माझं नाव घेतलं नाही आणि माझ्यापायी वह्या माळ्यावर गेल्या. मला जेवण जाईना. तसाच उठलो आणि दादांच्या दुकानात गेलो.

“दादा, मीच सांगितलं होतं.”

“दुसरं कोण असणार,” ते भिंग न काढता म्हणाले. “आणि तेही अर्धवट. बाकावर जागा नव्हती म्हणून उभा होतो.”

“आणि घरी का वाचत नाही?”

चिमटा खाली ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “घरी ती समोर येऊन बसते. माझ्या तोंडाकडे टक लावून. भुवई हलली की, काय चुकलं? पान उलटलं की, आवडलं नाही ना? इतकं चांगलं लिहिलेलं माणसाने निवांत वाचायचं कुठे?”

मी म्हटलं, मग हे सांगायचं ना वहिनींना.

“तिने विचारलं कधी? छापून मोकळी झाली.”

हे मी वहिनींना जसंच्या तसं सांगितलं. पदरचा एक शब्द घातला नाही, आणि तसं करणं मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. वहिनी ओट्याला टेकल्या. परक्यांच्या सात कोटांची चौकशी केली, म्हणाल्या, आणि घरातल्या माणसाला विचारायचं राहिलं.

संध्याकाळी दादा आले तेव्हा त्या लॉन्ड्रीचं कोरं बिलबुक आणि पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. मी साखर मागायच्या निमित्ताने दारातच होतो.

“कधीपासून वाचता?” त्यांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं.

“कोटांपासून.”

“कसा होता?”

“सातवा कोट घाईत उरकलास.”

वहिनींनी ते लिहून घेतलं. मग पुढचा प्रश्न, मग त्याच्या पुढचा. बावीस वर्षांच्या संसारात त्या दोघांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. शेवटी दादांनी मला वाटीभर साखर दिली आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी लेख गेला. रविवारी पेपर आला, तेव्हा दादा चपला घालू लागले, तर वहिनी म्हणाल्या, तुम्ही बसा, मीच जाते. आणि आमच्याकडे येऊन बसल्या. चहा गार झाला तरी हातात कप तसाच. दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, भावजी, झालं असेल का वाचून? मी म्हटलं, बघून येऊ का? तर डोळे वटारून म्हणाल्या, खबरदार.

पुढे कितीतरी वर्षं रविवारचा अर्धा तास त्या आमच्याकडे असायच्या. आता दादा नाहीत, पुरवणीही बंद पडली, वहिनी लेकीकडे असतात. फोनवर बोलताना मी चिडवतो, अर्धा तास आमचा चहा पिऊन जायचात, आणि मला मात्र एकदाही डोकावू दिलं नाहीत.