उणे सत्तावीसमध्ये उकळणारी गाडी

विएनो कार्पिनेनने एकतीस वर्षं गॅरेजात काढली, पण तिच्या हाती कुणी कधी पाना दिला नाही. ती सुट्या भागांच्या खिडकीवर असायची. मेकॅनिक बाहेरून ओरडायचे, "विएनो, थर्मोस्टॅट दे!" ती फळीवरून थर्मोस्टॅट काढायची, पण मुकाट्याने देईल तर ती विएनो कसली! आधी विचारणार, "गाडी कधी तापते? उभी असताना की पळताना? हीटर लावला की काटा उतरतो का?" मेकॅनिक तणतणत परत जायचा आणि दहा मिनिटांनी येऊन पुटपुटायचा, "थर्मोस्टॅट राहू दे. पंख्याचा पट्टा दे." शाबासकी मिळायची ती मेकॅनिकला. उत्तरेकडच्या बर्फात वसलेल्या आमच्या कुहायार्वी गावात कौतुक मुळातच जपून वापरतात, त्यातलं उरलंसुरलंसुद्धा खिडकीपर्यंत पोचलं नाही.

पुढे ते गॅरेज बंद पडलं. तिथल्याच एका मेकॅनिकने, उर्हो केम्पाइनेनने, पेट्रोल पंपामागे स्वतःचं गॅरेज काढलं. विएनोला 'येतेस का' म्हणून विचारायचं त्याला सुचलंही नाही. ती एकसष्टाव्या वर्षी घरी बसली, बेरींचा जॅम करू लागली आणि अर्धं घर तिने एन्नीला भाड्याने दिलं.

एन्नी नगरपालिकेची नर्स. वय अठ्ठावीस, बोलणं भरभर, चालणं त्याहून भरभर. जंगलात विखुरलेल्या अकरा घरांतल्या म्हाताऱ्यांना इन्शुलिन, गोळ्या, मलमपट्ट्या पोचवायचं काम. फेरा नव्वद किलोमीटरचा आणि गाडी स्वतःची. ऑक्टोबरात तिने तेवीस वर्षांची एक लाल स्टेशन वॅगन घेतली होती. ती गाडी डिसेंबरपर्यंत शहाण्यासारखी वागली आणि जानेवारीत तिने रंग दाखवले.

बाहेर उणे सत्तावीस आणि गाडी तापून उकळतेय! नाकातले केस गोठताहेत आणि बॉनेटखालून वाफ! दोनदा एन्नी रस्त्यात अडकली. दुसऱ्यांदा म्हाताऱ्या आर्मासचं इन्शुलिन दोन तास उशिरा पोचलं. मग ऑफिसातून वरिष्ठ बाईंचा फोन आला, की सोमवारी गाडी ठणठणीत असल्याचा गॅरेजचा लेखी कागद द्या, नाहीतर तुमची अकरा घरं शहरातल्या पथकाकडे जातील. शहर साठ किलोमीटरवर. ते पथक आठवड्यातून दोनदा येणार, आणि आर्माससारख्यांची रवानगी वृद्धाश्रमात होणार, हे सगळ्यांना कळत होतं.

गुरुवारी दुपारी एन्नी उर्होच्या गॅरेजातून आली ती थेट विएनोच्या स्वयंपाकघरात. कोटही न काढता खुर्चीत बसली.

"संपलं सगळं," ती म्हणाली. "उर्हो म्हणतो हेड गॅस्केट गेलंय, इंजिनातलं सील. इंजिन खोलण्यापेक्षा गाडी भंगारात घाल म्हणतो."

विएनोने तिच्यापुढे कॉफी ठेवली, आणि रोंट्टोनेन, म्हणजे बटाटा आणि लाल आंबट लिंगनबेरी भरलेली छोटी भाकरी. रडणाऱ्या माणसाला आधी खायला द्यायचं, ही तिची पद्धत.

"खा. आणि मला सांग, उकळते कधी?"

"रोज सकाळी!"

"रोज? ख्रिसमसच्या आठवड्यात हवा जरा उबदार होती. तेव्हा उकळली?"

एन्नीने बोटांवर दिवस मोजले. "नाही. तेव्हा नाही."

"उणे दहाला?"

"नाही. फक्त कडाका पडला की."

"गाडी सकाळी इंजिन तापवायला विजेच्या खांबाला जोडलेली असते ना? म्हणजे इंजिन आधीच गरम?"

"हो. प्लग काढते आणि निघते. आठ-दहा किलोमीटरवर काटा वर चढतो."

"रेडिएटरपुढचा पुठ्ठा?" थंडीत इंजिन लवकर तापावं म्हणून आमच्याकडे सगळेच पुठ्ठा लावतात. विएनोचा पहिला संशय नेहमी त्याच्यावर.

"काढला मी. तरी तेच."

"आत हीटर गरम फेकतो? मागून पांढरा धूर? तेलाच्या झाकणाखाली साय धरलेली?"

"हीटर मस्त गरम. धूर नाही. साय नाही. विएनो, तू पोलीस आहेस का गं?"

"पोलिसांना इतके प्रश्न सुचत नाहीत," विएनो म्हणाली. "गॅस्केट काय थर्मामीटर बघून फुटतं? गेलं असतं तर धूर आणि साय दिसली असती, आणि उणे दहालाही गाडी उकळली असती. उर्होने आणखी काय केलं?"

"नोव्हेंबरात खबरदारी म्हणून थर्मोस्टॅट बदलला. कूलंट नवंकोरं दिसलं, म्हणून स्वच्छ टबात काढून तेच परत भरलं. आज मीटरने तपासलं. म्हणाला, उणे चाळीसपर्यंत चालेल, मीटर त्याच्यापुढे दाखवतच नाही."

विएनोचा कप ओठांपाशी थांबला. "हे कूलंट कुणी भरलेलं?"

"ज्या आजोबांकडून गाडी घेतली त्यांनी. फार अभिमानाने सांगत होते. एक थेंब पाणी घातलेलं नाही म्हणाले, नुसता अस्सल माल. आपल्या थंडीत काटकसर करायची नाही. वर घालायला एक बाटलीही दिली त्यांनी. तीच मी घालत आलेय."

विएनो इतकी मोठ्याने हसली की मांजर चुलीवरून उडालं. हसू आवरल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "देवा रे! थंडीला इतका घाबरला की थंडी गाडीत भरून बसला."

उकाड्याच्या देशातल्या माणसाच्या हातून ही चूक घडणार नाही. ती करायला आमच्यासारखं जन्मभर थंडीत कुडकुडावं लागतं. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये पाणी घातलं की ते पातळ होणार, पातळ झालं की गोठणार, असा आमचा हिशोब. प्रत्यक्षात उलटं आहे. अर्धं पाणी घातलेलं कूलंट उणे पस्तीसलाही वाहतं, आणि नुसतं अस्सल कूलंट उणे तेरा-चौदाला लापशीसारखं घट्ट व्हायला लागतं. इंजिन विजेवर गरम राहिलेलं, हीटरची नळी गरम, पण पुढे रेडिएटरमध्ये लापशी. कूलंटला वाट देणारा थर्मोस्टॅट बिचारा दार उघडून उभा, पण वाहणार काय?

"पण मग उर्होचा मीटर?"

"तो दाट-पातळ मोजतो. जितकं दाट तितकं चांगलं, इतकंच त्याला कळतं. उर्होलाही तितकंच कळतं."

शुक्रवारी सकाळी उणे सव्वीस होतं. विएनो अंगणात गेली आणि तिने रेडिएटरची खालची नळी दाबली. आत कचकच झाली. तिने टाकीतून चमच्याने थोडं घट्ट कूलंट काढून जॅमच्या दोन बाटल्यांत घातलं, एकीत तसंच, दुसरीत निम्मं पाणी घालून. बाटल्या पायरीवर ठेवल्या आणि आत जाऊन निवांत दोन तास स्वेटर विणला. एन्नी त्या दिवसापुरती ऑफिसची गाडी मागून फेऱ्यावर गेली होती. मग विएनोने बाटल्या बर्फावरून घसरणाऱ्या ढकलगाडीच्या टोपलीत ठेवल्या आणि एका पायाने बर्फ मागे रेटत पेट्रोल पंपाकडे निघाली. वाटेत भेटलेल्या कुणाशीही बोलायला ती थांबली नाही, त्यावरूनच गावाने ओळखलं की आज काहीतरी आहे.

उर्होकडे तीन-चार गिऱ्हाइकं कॉफी पीत बसली होती. विएनोने टेबलावर बाटल्या ठेवल्या. तिला जाणवलं, की आज आपण खिडकीच्या बाहेर, मेकॅनिकांच्या बाजूला उभ्या आहोत.

"जॅम विकायला आलीस?" उर्होने विचारलं.

"हो. चाखणार का?" तिने पहिली बाटली उघडून टेबलावर उलटी धरली. फिकट लाल पाणी भळभळा उर्होच्या बिलांवर सांडलं.

"अगं ए! काय करतेस!"

"थांब रे." तिने दुसरी उलटी धरली. एक थेंबही पडला नाही. आतला लाल गोळा बुडाला चिकटून राहिला. कॉफी पिणारे उठून जवळ आले.

"दोन्ही एन्नीच्या गाडीतलं," विएनो म्हणाली. "सांडलं त्यात निम्मं पाणी आहे. चिकटलंय ते तू उणे चाळीसला पास केलेलं."

उर्होने बाटली हातात घेतली, हलवली, दिव्यापुढे धरली. त्याचे कान आधी लाल झाले, मग मान. आमच्याकडे कान लाल झाले की ती निम्मी कबुली असते.

"गाडी उद्या घेऊन ये," शेवटी तो म्हणाला. "पण कागदावर सही मी आत्ता करणार नाही. सोमवारी कडाक्यात चालवून बघेन, मगच."

"बघ की. मागच्या सीटवर बस आणि बघ," विएनो म्हणाली.

शनिवारी गाडी उबदार गॅरेजात वितळली. निम्मं कूलंट काढून तितकंच पाणी भरलं. अडकलेली हवा काढायला उर्होने गाडीचं तोंड उतरणीवर वर करून इंजिन चालू ठेवलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत विएनो टाकीपाशी उभी राहिली. या वेळी तिला कुणी बाजूला हो म्हणालं नाही.

सोमवारी उजाडलं उणे एकतीसला. एन्नी स्टिअरिंगवर, विएनो शेजारी, आणि मागे औषधांच्या पेट्यांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन उर्हो. आठवा किलोमीटर आला. काटा मध्यावर. दहावा आला. एन्नीचं लक्ष रस्त्यापेक्षा काट्यावरच.

"पुढे बघ, पोरी," विएनो म्हणाली. "काट्याकडे मी बघतेय."

आर्मासच्या घरी इन्शुलिन वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचलं. त्याने दारातच कुरकुर केली, की माझी कॉफी अजून व्हायचीय, इतक्या लवकर कशाला आलात. मग दुसरं घर, तिसरं, सहावं. काटा हलला नाही. अकराव्या घरातून एन्नी बाहेर आली ती बर्फात उड्या मारतच.

उर्होने मांडीवर कागद घेतला. थंडीने पेन उठेना, म्हणून त्याने पेन काखेत धरून गरम केलं. मग लिहू लागला. गाडीचा नंबर, तारीख, तपासणी उणे एकतीस अंशांवर, निकाल समाधानकारक, आणि खाली सही. कागद एन्नीकडे न देता त्याने विएनोच्या खांद्यावरून पुढे केला.

"चुकलं असेल काही तर सांग," तो म्हणाला.

विएनोने चष्मा लावला. सहीच्या वर एक ओळ होती: दोष शोधून काढला, मेकॅनिक विएनो कार्पिनेन.

तिने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि तिचे डोळे भरून आले. लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता, आणि तो तिने सगळाच्या सगळा होऊ दिला.

"काही चुकलंय का?" मागून उर्होने घाबरत विचारलं.

"नाही. सगळं बरोबर आहे." तिने नाक पुसलं. "एन्नी, गावातून जाताना हॉर्न वाजव."

"हॉर्न? समोर कोण येणारेय?"

"कुणी नाही. तरी वाजव."

एन्नीने चर्चपासून पेट्रोल पंपापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. घराघरांतले पडदे सरकले, माणसं काचेला नाक लावून बघू लागली, आणि विएनो पुढच्या सीटवर ताठ बसून प्रत्येकाला हात करत होती.