माळावरच्या तारा

“गावात वीज सरकारने आणली, लोक नुसते बसून होते,” असे आमचे तरुण सरपंच काल चावडीवर म्हणाले. मला हे साफ अमान्य आहे. आमच्या वीज सहकारी संस्थेचे सभासद स्वतः खांद्यावरून खांब वाहत होते. माळावरच्या तारांकडे पाहिले, की त्यांच्याबरोबर पुन्हा एक खांब उचलावासा वाटतो. तेव्हा तारांच्या सरळ रेषेत रखमाकाकूंचे जांभूळ येत होते. भर सभेत त्या म्हणाल्या, “झाड तोडू नका रे. दोन खांब जास्त लागले, तर मी वाहीन.”

अध्यक्ष हसले. “काकू, खांब आम्ही वाहू. तुम्ही जांभळे द्या.”

आज काकू नाहीत, जांभूळही वठून गेले. सरपंचांनी एकदा मान वर करून पाहावे: तारा अजूनही त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जातात.