वहीत नसलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. आणि देवाला? — देवापुढे बसते, पण मन तिथे आलं की मी घाईघाईने पुढचा श्लोक धरते. आता तुम्हाला लिहून सांगायला बसलेय, तर कुठून सुरू करू तेच कळत नाहीये. चूक माझी आहे, एवढं नक्की. बाकी सगळं डोक्यात अजून तळ्यात-मळ्यात चाललंय.

आधी माझ्या नोकरीचं सांगते, कारण घोळ तिथूनच आहे. मी सरकारी ऑफिसात लघुलेखक होते. साहेब बोलणार, मी पेन्सिलीने शॉर्टहँड घेणार, मग टाइप करणार. तुम्हाला वाटेल, साहेब जे बोलले तेच टाइप करायचं. कसलं काय! साहेब तावातावाने म्हणायचे, "त्या गाढवाला कळवा, पुन्हा असं केलं तर तंगडं मोडीन." मी टाइप करायची — "संबंधितांनी याची नोंद घ्यावी." साहेब सही करून मोकळे. चांगली स्टेनो कोण, तर साहेबांना उद्या लाज वाटणार नाही असं आज लिहून ठेवते ती. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण आयुष्यभर हात तसाच वळत गेला. आणि खरं सांगू? मला त्याचा अभिमान होता.

गिरगावातली दीड खोली सोडून आम्ही मिरा रोडला आलो, पूनम सागरच्या बाजूला. तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये तारामावशी मासळी घेऊन यायची. भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यातली. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत पाटी टेकायची, कोयत्याने साफ करून द्यायची, आणि वर एवढ्या मोठ्याने हाका मारायची की तिसऱ्या मजल्यावरची झोपलेली माणसं उठायची. मी तिला अगं-तुगं करायची, ती मला वयनी म्हणायची. आमचे हे गेले तेव्हा तेराव्यानंतर सगळे पांगले. तारामावशी मात्र येत राहिली. मी मासे सोडलेत हे तिला ठाऊक होतं, तरी यायची. पाटी खालीच ठेवून वर यायची, हात धुऊन, दारातच बसायची. बोलायची नाही फारसं. पाणी प्यायची आणि जायची.

त्याच वर्षी मी महाराजांकडे जायला लागले. नाव नाही सांगत. दर गुरुवारी संध्याकाळी सोसायट्यांच्या मधल्या मैदानात मांडव पडायचा, चार-पाचशे माणूस. मी माळ घातली. लोक काही म्हणोत, त्या माणसाने मला उभं केलं. "बाई, दुःखाला घरात जागा द्या, पण किल्ली देऊ नका," असं एकदा म्हणाले, आणि मी त्या रात्री कित्येक महिन्यांनी नीट झोपले. हे का सांगतेय? महाराज वाईट होते असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून. तसं नाहीये ना.

महाराजांचा नियम कडक. मोबाइल दाराशी पिशवीत. रेकॉर्डिंग नाही, फोटो नाही. शब्द कानाने घ्यायचा, म्हणायचे. मग प्रवचन राहणार कसं? तर माझ्या वहीत. मी पुढे बसून शॉर्टहँड घ्यायची, घरी येऊन सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायची. रविवारी ती वही महाराजांच्या पायाशी वाचायची. त्यांनी मान डोलावली की वहीला हळद-कुंकू, फूल, आणि मग तो शब्द पक्का. त्या वहीला लोक नमस्कार करायचे, पुस्तिका तिच्यातूनच छापायची. शॉर्टहँडची कच्ची पानं मात्र रद्दीत घालायची नाहीत. त्यांनाही शब्दाचा स्पर्श झालेला. ती निर्माल्याबरोबर कापडात बांधून दर पौर्णिमेला घोडबंदरच्या खाडीत सोडायची. मंडळाची गाडी वरसाव्याच्या पुलापाशी जायची, गठडी माझ्या मांडीवर असायची.

म्हणजे बघा — मूळ वाक्य खाडीत, आणि मी लिहिलेलं देव्हाऱ्यात. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं का? माझा तर जन्म त्यातच गेला होता.

आता त्या गुरुवारचं. किती टाळतेय मी, तुमच्या लक्षात आलं असेलच.

महाराज आहारावर बोलत होते. रंगात आले होते. आणि म्हणाले — मी जसंच्या तसं लिहितेय, आयुष्यात पहिल्यांदाच — "ज्या दारात मासळीची पाटी टेकते, त्या दारातून लक्ष्मी पाय काढते. अशी पाटी दिसली तर विचारत बसू नका, लाथेने उडवा. पाप नाही, पुण्य लागेल." मांडव हसला. टाळ्या पडल्या. मी हसले का? हो, हसले. माझी पेन्सिल चालतच होती. आणि मांडवाला दोन भोंगे होते, एक आत, एक रस्त्याकडे तोंड करून. रस्त्याच्या कडेला तारामावशी उरलेली मासळी विकत बसली होती, हे मला ठाऊक होतं. मी आत जाताना तिने मला हात केला होता.

घरी आले, वही काढली, आणि हात आपोआप वळला. मी लिहिलं — "आहार सात्त्विक असावा. आपल्या दारात काय येते, याचे भान प्रत्येकाने ठेवावे." रविवारी वाचलं. महाराजांनी डोळे मिटून मान डोलावली. वहीला फूल.

मंगळवारी आमच्या वरच्या मजल्यावरचे पेडणेकर खाली उतरले. चांगला माणूस हो. तीन महिन्यांपूर्वी माळ घातलेली, त्याआधी दर रविवारी याच मावशीकडून पापलेट राखून ठेवायला सांगणारे. मावशी खाली बसून कुणाचं तरी साफ करून देत होती. पेडणेकरांनी पाटीला लाथ घातली. पाटी उडाली ती तिच्या हातावर, आणि कोयता दुसऱ्या हातावर. तीन बोटं चिरली. मी आवाजाने खाली धावले तर ती पदराने हात दाबून बसली होती, रडत नव्हती, नुसती पेडणेकरांकडे बघत होती. पेडणेकरांचं तोंड पांढरं पडलेलं. म्हणत होते, "महाराज बोलले होते. महाराजांनी सांगितलंय." बोटांना टाके पडले, जखम भरली, पण ती बोटं पुढे वाकेनात. कोळणीचा हात गेला तर राहिलं काय?

तिच्या माणसांनी पोलिसात जा म्हणून डोकं खाल्लं. ती नाही म्हणाली. पेडणेकरांवर तिचा रागच नव्हता, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तिचं एकच म्हणणं. दोन दिवसांनी, गुरुवारी, आठ-दहा कोळणी घेऊन ती मांडवात आली, हात गळ्यात बांधलेला, आणि सगळ्यांसमोर महाराजांना म्हणाली, "ज्या माइकवर बोल्लाव ना, त्याच माइकवर सांगा का ता चुकीचा व्हता. मना दुसरा काय पन नको." बस, एवढंच. पैसा नको, शिक्षा नको. बोललात ना चारचौघांत? मग चारचौघांतच मागे घ्या.

महाराज अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आई, मी असं कसं बोलेन? बाईंच्या वहीत बघा. त्यात असेल तर मी तुमचे पाय धरतो."

इथे मी कायम अडकते. त्यांना आठवत होतं का? की रविवारी ऐकलेलं माझं वाक्यच त्यांना आपलं वाटायला लागलं होतं? माझे साहेबसुद्धा नंतर छातीठोकपणे सांगायचे, मी कुणाला गाढव म्हटलंच नाही, पत्र बघा. ते खोटं नव्हतं हो, त्यांना ते खरंच वाटायचं. मग खोटारडं कोण — ते, की मी? पण पाचशे माणसांनी तेच ऐकलं होतं. एकही तोंड उघडेना. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

वही चौरंगावरून आणली. मी उभी राहिले. आता ऐका — कच्ची पानं माझ्या पर्समध्ये होती. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, अजून गठडीत बांधायची होती. ती तीन वाक्यं माझ्या काखेत, माझ्याच पेन्सिलीने लिहिलेली. माझ्याशिवाय कुणाला वाचता आली नसती, पण मला तर येत होती ना? मी वहीतलं वाचलं. "आहार सात्त्विक असावा. आपल्या दारात काय येते, याचे भान प्रत्येकाने ठेवावे." माझा आवाज थरथरलासुद्धा नाही. मेलीचा.

मावशी महाराजांकडे बघत नव्हतीच. माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "वयनी, तुमी सांगा. तुमी पुढंच बसला व्हताव. असाच बोल्ले का?"

मी म्हटलं, "वहीत आहे तेच बोलले."

चार शब्द. का बोलले? मला भीती वाटली का? कशाची, कोण काय करणार होतं म्हातारीला? महाराजांवरची भक्ती? असेल. की माझ्या वहीची अब्रू — इतक्या वर्षांत पहिल्यांदा चारशे माणसं मला नमस्कार करत होती, ते जाईल म्हणून? तिन्ही असतील. एकही नसेल. नुसती सवय असेल, आणि ते तर सगळ्यात वाईट. खूप खणलं मी, तळ लागत नाही.

मला वाटलं होतं, आता ती भांडेल. कोळणीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नसते, आणि तिच्याबरोबरच्या बायका पदर खोचून तयारच होत्या. त्यांनी भांडावं, मला शिव्या घालाव्यात, पर्स हिसकावून घ्यावी — देवाशपथ, मी वाट बघत होते. पण मी वही परत चौरंगावर ठेवली, तशी तारामावशी चौरंगाशी गेली. वहीवरच्या कुंकवाकडे, फुलाकडे बघितलं. देवापुढे ठेवलेलं लिहिणं खोटं असू शकतं, हे तिच्या स्वप्नातही येणार नव्हतं. तिने चांगल्या हाताने वहीला स्पर्श करून कपाळाला लावला आणि म्हणाली, "वहीमंदी न्हाय म्हंजे न्हाय. माझेच कानानी खाल्ली माती." मग महाराजांच्या पायावर डोकं ठेवून तिने माफी मागितली. तिने! त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, प्रसाद दिला. मांडवाने जयजयकार केला. त्या जयजयकारात मी पण होते.

जाताना महाराज मला म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे शब्द शुद्ध राहतो." कळून म्हणाले की न कळून, कोण जाणे. पौर्णिमेला मी गठडी बांधली, गाडीत बसले आणि पुलाच्या अलीकडे उतरून, सगळ्यांबरोबर हात जोडून, ती पानं खाडीत सोडली. ओहोटी होती. पटकन गेली.

सोडून दिलं असेल मी ते सगळं, असं वाटतंय ना तुम्हाला? नाही. मी अजून जाते. दर गुरुवारी. महाराज आता पूर्वीपेक्षा जास्त बोलतात, आणि तसलं काही बोलून झालं की हळूच माझ्या पेन्सिलीकडे बघतात. मग मी वहीत "भान ठेवावे" वगैरे लिहिते. मला ते आवडत नाही, आणि दुसरं काय करू तेही कळत नाही.

पेडणेकर प्रकरणानंतर सोसायटीने मासळीवाल्यांना गेट बंद केलं. मावशीवर तर आळच आला, संतावर खोटा आरोप करणारी म्हणून. गेल्या महिन्यात भाईंदरच्या बाजारात ती दिसली. सुनेच्या शेजारी बसलेली, कोयता सुनेच्या हातात. गिऱ्हाईक काही बोललं की ती सुनेला विचारायची, "काय बोल्ली ती?" गिऱ्हाईकाने परत सांगितलं तरी परत विचारायची. सून वैतागली होती. मला म्हणाली, डॉक्टरकडे नेलं दोनदा, कान एकदम ठीक आहेत म्हणतात, पण हिला स्वतःच्या ऐकण्यावर भरोसाच नाही राहिला.

मावशीने मला ओळखलं. केवढी खूश झाली. हात धरला, वाकड्या बोटांनी. मुलगा, सून, गुडघे, सगळं विचारून झालं आणि मग हळूच म्हणाली, "वयनी, एक इचारू? त्या दिशी मना काय आयकू आला असंल वो?"

बाजार भरलेला होता, पण आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ना मांडव, ना महाराज, ना वही. फक्त ती होती आणि मी.

मी म्हटलं, "भोंगा फुटका होता गं त्या दिवशी. आवाज धड येत नव्हता."

"तरीच," ती म्हणाली. तिला एवढं हलकं वाटलेलं मला दिसलं. निघताना तिने जबरदस्तीने माझ्या पिशवीत आमसुलं घातली.

भोंगा फुटका नव्हता. तिने ऐकलं ते बरोबर ऐकलं, शब्दन् शब्द. तिचे कान ठीक आहेत. हे मी तिला सांगितलेलं नाही.