कोरी नळी

शेवगावच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे एक शिपाईमामा होते. दिव्यावर काचेची नळी तापवून ते केसासारखी बारीक ओढायचे. वापरलेली प्रत्येक नळी धुऊन कपाटात जपायचे. एखादी फुटली की दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

एक्याण्णव साली दोन जर्मन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. मी मामांना सांगितलं, "पेशीच्या पापुद्र्याला बारीक दारं असतात. अशीच नळी टेकवून त्यांनी एकेक दार उघडताना पकडलं. मात्र नळी दर वेळी कोरी लागते, वापरलेली नीट चिकटत नाही."

मामांचा चेहरा पडला. "म्हंजी म्याडम, माझ्या धुन्यापायी आपलं बक्षीस हुकलं म्हना की!"

मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कापसात ठेवलेली एक नळी होती. मामा दारातूनच म्हणाले, "हिला पानी लागलं न्हाई."