नाक्यापलीकडून आलेला फोन

दत्ताराम घाडीला गप्प बसवणं आजवर कोणाच्या बापाला जमलं नव्हतं. माणूस मालवणाकडचा, बाप लालबागला गिरणीत, आणि हा बाविसाव्या वर्षी फायर ब्रिगेडात भरती झाला. दहा वर्षं शिड्या चढला, धूर गिळला. मग एका कारखान्याच्या जिन्यावरून कोसळला आणि डावा पाय कायमचा अधू झाला. साहेबांनी त्याला मुलुंडच्या टोकाला, हद्दीवरच्या वीटभट्टी स्टेशनात टेलिफोनवर बसवला. पाय गेला तरी तोंड शाबूत आहे, तेव्हा तोंडाचंच काम द्या, असं कोणीतरी म्हणालं म्हणे. दत्तारामला ते मनापासून पटलं.

टेलिफोनच्या खोलीला वॉचरूम म्हणत. एक टेबल, एक टेलिफोन, भिंतीवर नकाशा आणि घंटेचं बटण. फोन आला की पत्ता लिहून घ्यायचा, थट्टा नाही ना याची खात्री करायला त्याच नंबरावर उलट फोन करायचा, आणि मग बटण दाबायचं. घंटा वाजली की मिनिटाच्या आत पंप, म्हणजे आगीची गाडी, बाहेर. ह्या कामात दत्ताराम तरबेज झाला. रडणाऱ्या बाईकडून दोन वाक्यांत पत्ता काढून घ्यावा तर त्यानंच. आणि चावट पोरांनी खोटा फोन केला तर त्यांना असा काही मालवणी प्रसाद मिळे, की बाहेर गाडी पुसणारी माणसं फडकी टाकून ऐकायला येत.

स्टेशनपासून पाऊण मैलावर जकात नाका होता. नाक्याच्या अलीकडे एक पालिका, पलीकडे दुसरी. पलीकडची नगरपालिका लहान. तिच्याकडे सगळा मिळून एक पंप आणि एक पाण्याचा टँकर. कागदोपत्री इकडची गाडी तिकडे न्यायची तर हेडक्वार्टरची परवानगी हवी. पण आग काय नाका बघून थांबते? म्हणून दोन्हीकडच्या माणसांनी आपसात एक रीत पाडली होती. तिकडून फोन आला की इकडून गाडी निघे आणि बुकात ‘हद्दीलगत पाहणी’ असं लिहिलं जाई. तिकडचेही येत. आदल्याच दिवाळीत अलीकडे प्लास्टिकचं गोदाम पेटलं, तेव्हा त्यांचा टँकर न बोलावता आला होता. ही रीत चार ओळींत लिहून दोन्हीकडच्या साहेबांच्या सह्या घ्याव्यात, फोनचे नंबर ठरवावेत, एवढी साधी अक्कल मात्र कोणाला सुचली नाही. त्या अकलेवाचून पुढचं सगळं घडलं, म्हणून राग येतो.

शहाऐंशी सालची धुळवड. कोकणातल्या माणसाला शिमग्याचं काय असतं ते मुंबईत राहूनही सुटत नाही. त्या दिवशी शिवी ही शिवी नसते, तो मान असतो. दत्तारामची सकाळपासून ड्यूटी, त्यामुळे गावकऱ्यांत जाऊन बोंब मारायची हौस टेलिफोनवरच भागवायची होती. आणि टेलिफोनही थांबत नव्हता. अकरापर्यंत नऊ फोन, नऊच्या नऊ खोटे. एक म्हणाला, आमच्या सासूला आग लागली आहे. दुसरा म्हणाला, तुमच्याच स्टेशनला आग लागली आहे, खाली वाकून बघा. प्रत्येकाला दत्तारामनं नवी शिवी दिली, एकही परत वापरली नाही. बाहेर माणसं हसून लोळत होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दहावा फोन आला.

“नमस्कार, नाक्यापलीकडच्या फायरमधून बोलतोय,” आवाज सावकाश, अदबीचा होता. “इकडं लाकडाच्या वखारी पेटल्यात. आमचा पंप दुसरीकडं गेलाय. तुमचा एक पंप मिळंल का?”

हा आवाज दत्तारामच्या ओळखीचा नव्हता. तिकडून नेहमी बोलायचा तो मधुकर. नाक्यापलीकडचं एक्स्चेंज वेगळं, उलट फोन लावायचा तर दहा-दहा मिनिटं डायल फिरवत बसावं लागे. आणि दारात सहा माणसं कान टवकारून उभी होती.

“आग खंय लागली? तुझ्या धोतराक?” दत्ताराम गरजला. “मगे जा, खाडयेत बस जावन!” आणि पुढे त्यानं जी शिवी घातली ती इथे लिहिण्यासारखी नाही. मग फोन बंद झाला. दारातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी पुन्हा घंटी वाजली.

“दत्ताराम, मधुकर रे! काय झोपलास काय तू? वखारी पेटल्यात, वाट लागलीय इकडे. मघाशी फोन केला तर शिव्या घालून ठेवला कोणीतरी. नंतर लाइनच लागेना. गाडी काढ, मस्करी नाही!”

दत्तारामच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. त्यानं बटण दाबलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं तर नाक्याच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं. धुळवडीच्या रंगात कोणी तिकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं. त्यानंही नाही.

श्यामकांत साहेब, म्हणजे स्टेशन ऑफिसर, हेल्मेट चढवत आत आले. “हद्दीबाहेर? वखारी म्हणजे मोठं काम आहे. हेडक्वार्टरला विचारलंस?”

“हो साहेब. जा म्हणाले.”

विचारलं नव्हतं. नऊ मिनिटं ह्याच तोंडानं खाल्ली होती. परवानगीच्या नावानं आणखी एक मिनिट जाऊ द्यायची त्याची छाती झाली नाही. पंप घणघणत बाहेर पडला आणि रिकाम्या स्टेशनात दत्ताराम एकटा उरला. देवाला हात जोडावेत असं त्याला वाटलं, पण काय मागावं ते सुचेना.

चारच्या सुमारास गाडी परत आली. माणसं काळी, भिजलेली. साहेबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि मग सांगितलं. वखारीच्या मागच्या खोलीत सुंदराबाई नावाची म्हातारी अडकली होती. तिकडचा एक फायरमन टँकरच्या पाण्यावर आत शिरला. म्हातारीला मागच्या खिडकीतून बाहेर दिलं, आणि तेवढ्यात टँकर संपला. पाणी बंद. जळत्या ओंडक्यांची थप्पी त्याच्यावर आली.

“अंबादास नाव. आपण पोचायच्या चार मिनिटं आधी,” साहेब म्हणाले. “चार मिनिटं रे, दत्ताराम.”

चार. आणि त्यानं घालवली होती नऊ. एवढा हिशेब तर पहिलीतलं पोरही करेल. दत्तारामनं टेबलाची कड धरली. साहेबांना वाटलं, पाय दुखतोय.

घरी गेल्यावर त्यानं वनमालेला, बायकोला, सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. मग आत झोपलेल्या दोन मुलींकडे बघून म्हणाली, “आता तरी तोंड बंद ठेवा. कोणाक म्हणान सांगू नकात. चेडवांची लग्नां होवची आसत.”

आणि दत्ताराम घाडी गप्प झाला. टेलिफोनवर पत्ता विचारी, ठेवून देई. स्टेशनातल्या बाकीच्या माणसांना काही कळेना. शिव्या ऐकायला येणाऱ्यांनी हळूहळू येणं सोडलं. त्या सकाळच्या टाळ्या ज्यांनी वाजवल्या होत्या ते सहाहीजण तोंड उघडत नव्हते, आणि दत्तारामच्या नजरेला नजरही देत नव्हते.

पंधरा दिवसांनी हेडक्वार्टरचा मेमो आला: परवानगीशिवाय गाडी हद्दीबाहेर कशी गेली? त्यानं खरं ते लिहून दिलं, की परवानगी मी घेतली नव्हती, साहेबांना खोटं सांगितलं. आता नोकरी जाणार असं त्याला वाटलं, आणि खरं तर थोडं बरंही वाटलं. पण झालं भलतंच. पलीकडच्या नगराध्यक्षांचं पत्र आलं. नियम बाजूला ठेवून ज्या टेलिफोनवाल्यानं गाडी पाठवली, त्याच्यामुळे वखारीमागची चाळीस घरं वाचली. त्याचा सत्कार करायची परवानगी द्यावी. मेमो कुठल्या कुठे गेला. दोन पालिकांमध्ये मदतीचा लेखी करार करायचं ठरलं, त्याच सभेत दत्तारामला शाल.

आयुष्यात पहिल्यांदा तो त्या नगरपालिकेच्या सभागृहात पाऊल टाकत होता. पुढच्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात एक तिशीची बाई बसली होती, मांडीवर हात ठेवून. “ती शकु. अंबादासची बायको,” शेजारी बसलेल्या मधुकरनं हळूच सांगितलं. दत्तारामनं त्यानंतर तिकडे पाहिलं नाही. नगराध्यक्ष बोलले, शाल अंगावर पडली, टाळ्या झाल्या. मग कोणीतरी त्याच्या हातात माइक दिला. दोन शब्द बोला, घाडी.

माइक हातात, आणि डोळ्यांसमोर घरी असलेल्या वनमालेचा चेहरा, दोन मुलींचे चेहरे. धन्यवाद म्हणून खाली बसता आलं असतं. सगळे तेवढ्याचीच वाट बघत होते.

“पहिला फोन अकरा-दहाला आला होता,” तो म्हणाला. “तो मी घेतला. शिमगा म्हणून शिवी घातली आणि उडवून लावला. नऊ मिनिटं माझ्यामुळे गेली. ही शाल माझी नव्हे.”

श्यामकांत साहेबांचं तोंड उघडं राहिलं. नगराध्यक्षांनी माइककडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. मधुकर खाली बघत होता. दत्ताराम शाल काढून घडी घालू लागला, पण हातांना घडी काही जमेना.

शकु उभी राहिली.

“म्हंजी तुमीच व्हय ते,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकवत नव्हता. “त्यो पहिला फोन ह्यांनीच लावला हुता. मी तिथंच हुते. सनाचा डबा घिऊन गेले हुते.”

दत्तारामला वाटलं आपण ऐकतोय ते खरं नाही. इतके दिवस त्यानं मनाची समजूत घातली होती, की फोनवर कोणी कारकून असेल. तो अदबीचा, सावकाश आवाज मेलेल्या माणसाचा होता.

“फोन ठिवला आन् हसाय लागले,” शकु सांगत होती. “पोट धरून हसले. मी म्हनलं, काय झालं वो? तर म्हनले, कोकनी मानूस हाय, सनाचा बोलतोय, त्याची काय चूक न्हाई. मधुकर, तुझा आवाज वळखत्यात, तू लाव परत. म्या टँकर घिऊन म्होरं व्हतो. आन् हसतच गाडीत बसले.”

ती दोन पावलं पुढे आली. डोळे कोरडे होते.

“तुमी काय बोलला ते त्यांनी मला सांगितलं न्हाई. आल्यावर सांगतो म्हनले. मला ऐकायचंय.”

“बाई, ते...” नगराध्यक्ष मध्ये पडले.

“मला ऐकायचंय, सायेब.”

दत्तारामनं माइक खाली ठेवला. शंभर माणसांसमोर तो बोलू लागला, धोतर, खाडी, आणि शिवीपाशी येऊन थांबला.

“पुरं सांगा,” शकु म्हणाली.

त्यानं शिवीसकट पुरं सांगितलं.