माझ्या वाट्याचा रोट

माझी साठी दुबईत साजरी झाली. हे मी जळगावात अजून कुणाला सांगितलेलं नाही. शेजारी विचारतात, "साठीला काय केलं?" मी म्हणतो, "काही नाही, घरच्या घरी." तसं ते फार खोटंही नाही. बायको, मुलगा, सून, नात, सगळे घरचेच होते. घर तेवढं समुद्रापलीकडे होतं.

धुळ्याजवळ पांझरेच्या काठी आमचं गाव. तिथे माझे थोरले भाऊ राहतात. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, त्यांना सगळे नाना म्हणतात. वडील लवकर गेले, त्यामुळे लहानपणापासून मला धाकही त्यांचा आणि आधारही त्यांचाच. मी पाटबंधारे खात्यात चिकटलो आणि जळगावला घर केलं, नाना गावी राहिले. पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, आणि त्या रविवारी मी गावी नाही असं कधी झालं नव्हतं. आमच्या खानदेशात दिवाळी चुकली तर चालवून घेतात, लग्न चुकलं तर आहेर पाठवून भागतं. कानबाईला मात्र घरचा माणूस घरी लागतो.

याचं कारण रोट. कानबाईच्या आधी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजतात. आमच्या घरी माणशी सव्वापाच मुठी. नाना एकेकाचं नाव घेऊन सुपात मुठी टाकतात, सोबत तशीच हरभऱ्याची डाळ. त्याच पिठाचे, त्याच पुरणाचे रोट होतात आणि ते फक्त घरच्यांनीच खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, सासरी गेलेल्या लेकीला द्यायचे नाहीत, गाईगुरांपुढेही टाकायचे नाहीत. पौर्णिमेच्या आत शेवटचा तुकडा संपलाच पाहिजे. म्हणून ज्याच्या नावाने मोजलं त्याने यायचं, आणि यायचं नसेल तर मोजण्याआधी सांगायचं. शेंबड्या पोरालाही कळेल असा नियम आहे.

त्या वर्षी मुलगा दुबईहून श्रावणात येणार होता. मी दोन महिने आधीच नानांना कळवून टाकलं, आम्ही दोघं बापलेक कानबाईला आहोत. नाना एवढे खूश झाले की त्यांनी घराला चुना लावून घेतला. मग आषाढात मुलाची रजा रद्द झाली. त्याने फोन केला, "आबा, मी नाही येऊ शकत, तर तुम्ही या. साठी इथे करू." आणि माझी हो-नाही ऐकून न घेता तिकिटं पाठवली. साठावा वाढदिवस नेमका कानबाईच्या रविवारी येत होता.

मी तिकिटं पाहिली आणि हरखलो. खोटं कशाला बोलू? जन्मात विमानात बसलो नव्हतो. नातीला दीड वर्ष पाहिलं नव्हतं. बायको म्हणाली, "आधी नानांना फोन करा." मी म्हटलं, "करतो उद्या." तो उद्या काही उजाडेना. नाना रागावतील असं वाटायचं. त्याहून जास्त भीती ही होती की ते रागावणार नाहीत, नुसतं "बरं" म्हणतील. नानांचं ते "बरं" मी ऐकलेलं आहे. आठ दिवस आधी वहिनींचा फोन आला, आम्हा दोघांचा गहू मोजून, दळून आला म्हणून. तेव्हाही मी "हो हो" म्हणालो. बायको बाजूलाच होती. ती चाळीसगावची, तिच्या माहेरी कानबाई नसते. "आमच्याकडे कानबाई नसते," ती म्हणाली, "पण असलं खोटंही नसतं."

शेवटी फोन केला तो शनिवारी, मुंबईच्या विमानतळावरून. म्हटलं, नाना, कंबर धरली आहे, डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलाय. आणि मुलाचीही रजा रद्द झाली. त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून ते मी जरा जोरात बोललो. तेवढ्यात डोक्यावरच्या कर्ण्यातून घोषणा सुरू झाली.

"तठे कोन बोली राह्यनं?" नानांनी विचारलं.

"दवाखान्यात आहे नाना. नंबर पुकारताहेत."

बायकोने तोंड फिरवलं. पलीकडून नाना म्हणाले, "मंग येऊ नको. पडी राय. रोटनी काळजी करू नको, तुमना दोन्हीसना वाटाना मी खाई लिसू."

दुबई छानच होती. बाहेर ऊन होतं, पण जळगावच्या माणसाला उन्हाचं काय कौतुक! रविवारी संध्याकाळी मुलाने बोटीवर जेवण ठरवलं होतं. खाडीतून बोट चालली होती, दोन्ही काठांवर उंच इमारती. बोटीवर ज्योत पेटवायला मनाई, म्हणून सुनेने ताटात बॅटरीचे इवलेसे साठ दिवे मांडून आणले होते. बायकोने त्यानेच ओवाळलं, अंगठी आणि सुपारी फिरवली. आजूबाजूच्या टेबलांवरच्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. नात माझ्या मांडीवर बसून केकचं क्रीम माझ्या मिशीला लावत होती. सुख सुख म्हणतात ते हेच असणार, असं मला त्या क्षणी वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी मी घड्याळ पाहिलं. इथले सात म्हणजे गावी साडेआठ. आता पंगत बसली असेल. नाना, पुतण्या, आणि पुढे आम्हा दोघांच्या जागा मोकळ्या. केकचा घास तोंडात तसाच राहिला.

सून फोटो काढत होती. मी म्हटलं, "हे फोटो आपल्या घरच्या ग्रुपवर टाकू नको हं."

"का हो आबा?"

"नजर लागते."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. नजर, दृष्ट या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलेला माणूस. त्याला काय समजायचं ते समजलं असावं, पण बाप आहे म्हणून त्याने सुनेला फोन ठेवून द्यायची खूण केली. त्याचीही मान मी खाली घालायला लावली, हे मला आजही टोचतं.

परतलो तो पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. सामान सोडलंही नव्हतं आणि पुतण्याचा फोन आला. नानांना धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलंय, साखर पाचशेच्या वर गेली. त्याचा आवाज चिडलेला होता. "काका, नानांना साखर आहे हे तुम्हाला माहीत आहे ना? मी रोज म्हणत होतो, तुमच्या वाट्याचे रोट मी खातो. ऐकतील तर शपथ. 'मी त्याले सांगेल शे, मीच खासू.' पुरणाचे रोट, दोन माणसांचे, बहात्तर वर्षांचा माणूस. पौर्णिमेच्या सकाळी शेवटचा खाल्ला आणि दुपारी चक्कर येऊन पडले."

मी आणि बायको तसेच धुळ्याला निघालो. आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. दवाखान्याच्या दारातल्या मेडिकलमधून मी कमरेचा पट्टा विकत घेतला आणि सदऱ्यावरून, दिसेल असा बांधला. भाऊ आत सलाईन लावून पडलाय आणि मी बाहेर पट्ट्याचं माप बघतोय. बायको पायरीवर थांबली. "तुम्ही जा पुढे," म्हणाली. "मला हे बघवणार नाही."

नाना उशाला टेकून बसले होते. गालफडं आत गेली होती. मला पाहताच त्यांनी पुतण्याला हाताने खूण केली. "खुर्ची दे त्याले. कंबर दुखी राह्यनी व्हई." मग माझ्याकडे वळून, "इतला परवास कसाले करा? फोन करता ते चालतं. कंबर कशी शे आते?" वहिनींना म्हणाले, घरी गेलो की त्याला मोहाचं तेल दे चोळायला.

मी खुर्चीत बसलो आणि माझ्याने राहवलं नाही. पट्टा सोडला. वहिनी आणि पुतण्यासमोरच सगळं सांगितलं. तिकिटं, विमानतळ, नंबर पुकारणं, बोट, केक. बोलता बोलता रडू आलं. साठ वर्षांचा घोडा, दवाखान्यात ढसाढसा रडत होतो. पुतण्या उठून बाहेर निघून गेला. वहिनी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिल्या.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "इमानमा बसना का मंग?"

"बसलो."

"भ्या वाटनं का?"

"सुरुवातीला."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या वाढदिवसाची तारीख कुणालाच माहीत नाही, त्यांनाही नाही. सत्तरी कधी आली नि कधी गेली, आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच. हे सगळं माझ्या डोक्यात तिथे, त्या खुर्चीत आलं. इतकी वर्षं आलं नव्हतं.

"साठी एकदाच येस," नाना म्हणाले. "जावालेच पाहिजे. पोऱ्यानी इतलं बलावं, काबर जावानं नही? मी काय नही म्हनता का?" मग म्हणाले, "एक फोन करी देता ते मी गहू मोजताच नही."

एवढंच. आवाज चढला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. मी आठ दिवस गावी राहिलो, पथ्याचं बघितलं, त्यांना सकाळी नदीपर्यंत फिरायला नेलं. ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते. मला वाटलं, मिटलं. नाना मोठ्या मनाचे, मीच उगाच एवढा घाबरत होतो.

यंदा श्रावण लागला आणि एका सकाळी नानांचा फोन आला. आजवर ते कानबाईच्या आधी मला फोन करत नसत. मी येणार हे सूर्य उगवणार इतकं ठरलेलं, माझा गहू मोजून झाल्यावर वहिनी कळवायच्या.

"गहू मोजी राह्यनू," नाना म्हणाले. "तुनी मूठ धरू का?"

अगदी साधं विचारलं, टोमणा नव्हता. पाहुण्याला विचारावं, जेवूनच जाणार ना, तसं. पुतण्याला त्यांनी असं विचारलं नसणार. घरच्या माणसाला कुणी विचारत नाही.

"धरा नाना," मी म्हणालो. "मी येतोय. नक्की येतोय."

"बरं," नाना म्हणाले.